धागा: ग्रँड आयलंडच्या हिरव्या पाण्यात कोणता कॅमेरा?

पणजीकर_पाण्यात
स्कूबाच्या पहिल्या कोर्सचं, म्हणजे ओपन वॉटरचं कार्ड हातात आलं आहे, म्हणजे १८ मीटरपर्यंतची मुभा. डाइव्ह बहुतेक गोव्याजवळच्या ग्रँड आयलंडलाच होणार, वर्षातून एकदा जमलं तर मुरुडेश्वरहून नेत्राणी बेट. कॅमेऱ्यासाठी साठ-सत्तर हजार बाजूला काढलेत. पर्याय तीन: (१) गोप्रो किंवा डीजेआयचा अ‍ॅक्शन कॅमेरा, (२) ऑलिम्पसचा (आता ओएम सिस्टीमचा) टीजी, हा छोटा जलरोधक कॅमेरा, (३) घरी असलेल्या मिररलेस कॅमेऱ्याला हाउसिंग, म्हणजे बाहेरून जलरोधक कवच. दुकानदार म्हणतो अ‍ॅक्शन कॅमेरा आणि लाल फिल्टर घ्या, विषय संपला. टीजीच्या खोक्यावर '१५ मीटर वॉटरप्रूफ' लिहिलेलं असतं, मग त्याला वेगळं हाउसिंग कशाला? फोटो आणि व्हिडिओ दोन्हींची हौस आहे. जाणकारांनी सांगावं.

तिसऱ्यामसाला
रुमाल टाकून ठेवतो. हा धागा शंभरी गाठणार.

व्हिडिओबाब
दुकानदार अर्धा बरोबर आहे. नव्या डायव्हरने अ‍ॅक्शन कॅमेराच घ्यावा. हात मोकळे राहतात, चालू करायचा आणि विसरायचा. हिरो १२ किंवा १३ हाउसिंगशिवाय १० मीटरपर्यंत चालतो आणि डाइव्ह हाउसिंगमध्ये ६० मीटरपर्यंत. डीजेआय अ‍ॅक्शन ५ प्रो तर उघडाच २० मीटरपर्यंत जातो. शिवाय त्याला प्रकाशाचा रंग मोजणारा वेगळा सेन्सर आहे, त्यामुळे पाण्याखाली रंग कमी बिघडतात. ग्रँडला यापेक्षा जास्त काय लागतं?

सेटिंग एकदाच लावा: ४के, ३० फ्रेम, लेन्स 'लिनियर', आयएसओची कमाल मर्यादा ८००, एक्स्पोजर उणे अर्धा. बोटीवरच स्क्रीन लॉक करा, कारण ओल्या काचेवर टच चालत नाही. खाली सगळं बटणांवर. आणि अंधुक पाण्यात स्टॅबिलायझेशन सगळ्यात जोरकस पायरीवर ठेवू नका. शटर संथ झालेलं असतं, त्यात चित्र सरकवून स्थिर केलं की प्रत्येक फ्रेम थरथरल्यासारखी पुसट येते.

मॅक्रोवेडा
बाब, सेटिंग सगळी मान्य, निष्कर्ष नाही. ग्रँडला दृश्यता किती? बऱ्याच दिवशी ३ ते ८ मीटर. कॅमेरा निवडताना पहिला आकडा हा, मेगापिक्सेल नंतर.

पाच मीटर दिसतं म्हणजे पाच मीटरवरचा फोटो येतो असं नाही. डोळा धूसर आकृती ओळखतो, कॅमेरा धूसरच दाखवतो. कामाचा फोटो दृश्यतेच्या पाचव्या हिश्श्याच्या आत येतो, म्हणजे एक मीटर. एक मीटरच्या आत गेलात की प्रश्न उरतो, कॅमेरा किती जवळ फोकस करू शकतो? अ‍ॅक्शन कॅमेऱ्याचा फोकस बहुधा कायमचा ठरलेला असतो. गोप्रो साधारण ३० सेंटिमीटरच्या आत मऊ व्हायला लागतो. टीजी-६ आणि टीजी-७ मायक्रोस्कोप मोडमध्ये काचेपासून १ सेंटिमीटरवर फोकस करतात. कातळावरचे दोन-तीन सेंटिमीटरचे न्युडिब्रँक (रंगीत समुद्री गोगलगायी), कोळंबी, मोरे ईलच्या दातांतली घाण, सगळं या अंतरावरच आहे. गढूळ पाण्यात लेन्स आणि मासा यांच्यामध्ये जितकं कमी पाणी, तितका फोटो चांगला.

तिसऱ्यामसाला
लेन्स आणि गोब्रो (ग्रुपर मासा) यांच्यामध्ये कमी पाणी, गोब्रोच्या हुमणात (कालवणात) जास्त नारळ.

भांगाची_भरती
दृश्यतेबद्दल थोडं. ती नशिबाची गोष्ट नाही, पंचांगाची आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जोरात ये-जा करतं, तळाचा गाळ उठतो, मांडवी-झुवारीचं गढूळ पाणी ओहोटीबरोबर बाहेर येतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, ओढ कमी, गाळ खाली बसलेला. फोटोसाठी बुकिंग करायचं तर तिथी बघून करा. हंगाम ऑक्टोबर ते मे, पावसात बंद. पहिल्या पंधरवड्यात पावसाचं पाणी अजून समुद्रात मिसळत असतं, नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा.

दुसरं म्हणजे पाण्याचा रंग. इथलं पाणी निळं नसतं, हिरवट असतं, कारण त्यात प्लवक आणि गाळ. म्हणून दुकानदाराचा तो लाल फिल्टर इथे चुकीचा. लाल फिल्टर निळ्या पाण्यासाठी, हिरव्यासाठी मॅजेंटा.

व्हिडिओबाब
फिल्टरचं मान्य. पण मॅजेंटा तरी लावायचा ना?

भांगाची_भरती
पाच ते दहा मीटर, वर ऊन, सूर्य पाठीशी असेल तर लावा. त्याखाली काढा. फिल्टर लाल रंग तयार करत नाही, बाकीचे रंग अडवतो. म्हणजे आधीच कमी असलेल्या उजेडातला एखाद-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) आणखी जातो. लाल रंग पहिल्या पाच-सहा मीटरमध्येच जवळपास संपतो, नारिंगी दहाच्या सुमारास. जे पाण्यात उरलंच नाही ते फिल्टर कुठून आणणार? आणि टॉर्च किंवा स्ट्रोब (पाण्याखालचा मोठा फ्लॅश) वापरताना फिल्टर लेन्सवर कधीच नको, माणसं लालभडक दिसतात. शिमगोत्सवाची मिरवणूक पाण्याखाली आल्यासारखी.

ओरिंगवाला
मूळ प्रश्नातल्या '१५ मीटर'कडे कोणी बघितलंच नाही.

ग्रँडच्या बऱ्याच डाइव्ह १० ते १५ मीटरच्या पट्ट्यात असतात. म्हणजे टीजीची मर्यादा आणि तुमचा तळ एकाच जागी. १५ मीटरवर एकूण दाब अडीच बार. कंपनीचा आकडा नवीन, स्वच्छ गॅस्केटसाठी (दारांच्या कडेच्या रबरी पट्टीसाठी) असतो. बॅटरीच्या दारात वाळूचा एक कण किंवा टॉवेलचा एक धागा अडकला की तो आकडा कागदावरच राहिला. खाली गेल्यावर मासा दिसला आणि मीटरभर जास्त उतरलात तर कॅमेरा थांबून विचारणार नाही. टीजीच्या बॅटरीच्या आणि यूएसबीच्या दारांची गॅस्केट आपल्याला काढून ग्रीस लावता येत नाहीत, फक्त मऊ कापडाने पुसायची आणि वर्षातून एकदा सर्व्हिसमध्ये बदलून घ्यायची.

म्हणून स्कूबासाठी टीजी घेतला तर पीटी-०५९ हाउसिंग त्याच बिलात घ्या. ते ४५ मीटरपर्यंतचं आहे, टीजी-६ला बनवलेलं असलं तरी टीजी-७ही त्यात बसतो. हाउसिंग गळलं तरी आतला कॅमेरा स्वतः जलरोधक आहे, हा दुहेरी विमा मिररलेसला मिळत नाही. बजेट तिथेच ताणलं जाईल, पण ताणा तिथेच.

नवखी_डुबकी
मध्येच विचारते. मी अजून कोर्स केलेला नाही, पुढच्या महिन्यात पहिली 'ट्राय डाइव्ह' आहे. मोबाइलसाठी ते प्लास्टिकचं पाउच मिळतं ना गळ्यात अडकवायचं, ते चालेल का?

ओरिंगवाला
ताई, ते पाउच पावसासाठी आणि किनाऱ्यावरच्या लाटांसाठी. खाली दाबाने ते स्क्रीनला चिकटतं आणि टच बंद पडतो. पुढचं सांगायला नको. मोबाइलसाठी कडक हाउसिंग मिळतात, उदा. सीलाइफचं स्पोर्टडायव्हर ४० मीटरचं आहे आणि त्याची बटणं ब्लूटूथने फोनशी बोलतात. पण ट्राय डाइव्हला तेही नको. इन्स्ट्रक्टरने तुम्हाला धरलेलं असतं, तुमचं काम श्वास घेणं आणि कान मोकळे करणं एवढंच. व्हिडिओ त्यांचा माणूस काढतो. आधीच विचारून घ्या की कच्च्या फाइल मिळणार की फक्त गाणं लावलेली क्लिप, आणि मेमरी कार्डवरून त्याच दिवशी मिळणार का.

तिसऱ्यामसाला
गाणं हमखास असतं. माशांनाही आता पाठ झालं असेल.

कातळखूण
तिसऱ्या पर्यायावर बोलतो, कारण त्याला उगाच बाद केलं जातं. घरी मिररलेस असेल तर फोटोची गुणवत्ता टीजीच्या कितीतरी पुढे असेल, सेन्सरच मोठा आहे. टीजीची खरी उणीव कोणी सांगितली नाही: त्यात मॅन्युअल मोड नाही. शटर स्पीड आपल्या हातात नाही, अ‍ॅपर्चरच्या मोजक्याच पायऱ्या. स्ट्रोब लावल्यावर मागचं पाणी किती काळं किंवा हिरवं ठेवायचं हे शटरने ठरवायचं असतं. टीजीवर ते एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनने रेटावं लागतं.

पण खर्चाचा हिशेब नीट करा. मिररलेसला एक हाउसिंग पुरत नाही. मॅक्रो (अगदी जवळून टिपणाऱ्या) लेन्सला सपाट पोर्ट, म्हणजे हाउसिंगची पुढची काच, वाइडला घुमटाकार डोम पोर्ट, प्रत्येक लेन्सला वेगळी झूम किंवा फोकसची रिंग, वर स्ट्रोब, दोन आर्म, क्लॅम्प. डोम का, तर सपाट काचेतून पाण्यात सगळं एक-तृतीयांशाने मोठं आणि पाव अंतराने जवळ भासतं, वाइड लेन्सचा कोन तिथेच आकसतो. टीजीची २५ मिलिमीटरची लेन्स पाण्यात ३३च्या आसपास वागते. लेन्स निवडताना १०० मिलिमीटरचा मोह टाळा, तिला माशापासून लांब राहावं लागतं आणि लांब म्हणजे मध्ये गाळ. एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरच्या) कॅमेऱ्याला ६० पुरे.

सत्तर हजारात हे बसत नाही. आणि हा लोखंडी-अ‍ॅल्युमिनियमचा संसार सांभाळायला तरंगणं पक्कं लागतं.

मॅक्रोवेडा
+१. शेवटचं वाक्य ठळक अक्षरात हवं होतं.

कॅमेरा कोणताही असो, ज्याला पाच मिनिटं एका जागी गुडघे न टेकता तरंगता येत नाही त्याने पहिल्या काही डाइव्ह रिकाम्या हाताने कराव्यात. नुसती वाळू उडते म्हणून नाही. कातळावर लायनफिश आणि स्कॉर्पियनफिश बसलेले असतात, सागरी साळिंदर म्हणजे अर्चिन असतात. फोटोच्या नादात गुडघा नेमका त्यांच्यावर. पाय बेडकासारखे आडवे मारा, वर-खाली फडफडवले की गाळ उठतो आणि मागून येणाऱ्यांची डाइव्हही वाया.

व्हिडिओबाब
बरं, जवळून फोटो मानला. पण बुडालेलं जहाज जवळून कसं काढणार? सुझीज रेक १ सेंटिमीटरवरून काढला तर फक्त गंज येईल.

कातळखूण
हा प्रश्न रास्त आहे, आणि इथे तुमचा अ‍ॅक्शन कॅमेरा जिंकतो. मोठी वस्तू असेल तर मागे सरकायचं नसतं, लेन्स रुंद करायची असते. फिशआय किंवा गोप्रोचा रुंद कोन घ्या, जहाजाचा एखादा भाग हातभर अंतरावर पुढे धरा, त्यावरचे शिंपले, त्यात घुसलेली तांबोशी. मागे बाकीचं जहाज हिरव्यात विरघळलेलं दिसलं तरी चालतं, तेच छान दिसतं. अख्खं जहाज एका फोटोत मावेल असं पाणी ग्रँडला क्वचितच. नेत्राणीला दृश्यता याहून बरीच चांगली असते, तिथे वाइडची खरी मजा.

टीजीलाही पाण्यातच बसवता-काढता येणारी वाइड लेन्स मिळते. बसवल्यावर ती पाण्याखाली एकदा सैल करून आतला बुडबुडा बाहेर जाऊ द्या. नाहीतर प्रत्येक फोटोत वर एक चंद्रकोर.

पणजीकर_पाण्यात
बरंच डोक्यात बसतंय. म्हणजे टीजी, हाउसिंग आणि उरलेल्यात दिवा. मग व्हिडिओ लाइट की स्ट्रोब?

मॅक्रोवेडा
सुरुवातीला लाइट. काय उजळतंय ते आधीच दिसतं, फोकसला मदत होते, व्हिडिओलाही चालतो. मॅक्रोला १५०० ते २००० ल्युमेन पुरतात. उणीव ही की हलणारा मासा गोठवण्याइतकी ताकद नसते आणि काही जीव झोत पडला की बिळात जातात. स्ट्रोबचा लखलखाट क्षणाचा, म्हणून कडा धारदार. टीजीच्या हाउसिंगवर स्ट्रोब फायबर ऑप्टिक केबलने लागतो: कॅमेऱ्याचा छोटा फ्लॅश केबलमधून स्ट्रोबला इशारा देतो. त्यासाठी कॅमेऱ्याचा फ्लॅश सक्तीने 'चालू' ठेवायचा, ऑटोवर नाही. आणि त्याच फ्लॅशचा उजेड थेट पाण्यात सांडणार नाही अशी झाकणी हवी.

आता मुख्य गोष्ट. चोर्ल्याच्या घाटात पावसाळी धुक्यात हाय बीम लावला की काय होतं? पांढरी भिंत. पाण्यातही तेच. दिवा लेन्सच्या शेजारी असेल तर मधला प्रत्येक कण चमकून परत लेन्सकडे येतो. म्हणून दिवा आर्मवर बाजूला काढा, हाउसिंगच्या काचेच्या किंचित मागे ठेवा आणि थोडा बाहेरच्या दिशेला वळवा. माशावर झोताचा मधला भाग नको, नुसती कड पडू द्या. मधलं पाणी अंधारात राहतं, कण दिसत नाहीत. अगदी एक-दोन सेंटिमीटरवर काम असेल तर दिवा जवळ आणून बाजूने मारा.

भांगाची_भरती
हा घाट सगळ्या दुकानांत टांगून ठेवावा.

रंगाचं एक राहिलं. रॉमध्ये, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये काढा, टीजी रॉ देतो. दिवा नसेल तर पांढरी पाटी बरोबर ठेवा आणि पाटीवर व्हाइट बॅलन्स घ्या, खोली तीनेक मीटरने बदलली की पुन्हा. घरी संपादनात हिरवटपणा घालवायला टिंट मॅजेंटाकडे सरकवा. तापमानाची पट्टी एकटी ओढत बसलात तर पाणी चहासारखं होतं.

नवखी_डुबकी
'फ्लोटिंग हँडल' घ्यावं का? कॅमेरा हातातून सुटला तर वर येईल ना?

ओरिंगवाला
स्नॉर्केलिंगला उत्तम, स्कूबाला नको. सुटला तर तो वर जाईल आणि तुम्ही त्याच्या मागे वर जाल, श्वास रोखून, भरभर. फुप्फुसाला इजा व्हायचा हा सरळ रस्ता आहे. कॅमेरा ट्रेवर (हँडल असलेल्या पट्टीवर) बसवा आणि गुंडाळीची कॉइल दोरी बीसीडीच्या (अंगातल्या हवा भरायच्या जॅकेटच्या) डी-रिंगला क्लिप करा. पाण्यात थोडा जड असावा, पण फार नाही.

बोटीवरून कॅमेरा हातात धरून उडी मारू नका, त्या आदळण्याचा दाब क्षणभर बराच असतो. आधी तुम्ही पाण्यात, मग बोटीवरच्या माणसाकडून कॅमेरा खाली. त्याला सांगा, हँडलला धर, दिव्याच्या आर्मला नाही.

पणजीकर_पाण्यात
ऑर्डर टाकतोय. टीजी-७, पीटी-०५९, ट्रे, एक लाइट. घरी आल्यावर पहिलं काय करायचं?

ओरिंगवाला
कॅमेरा खोक्यातच राहू द्या. रिकाम्या हाउसिंगमध्ये टिश्यू पेपर घालून बंद करा, बादलीत वजन ठेवून अर्धा तास बुडवा, सगळी बटणं पाण्यातच दाबा. कागद कोरडा निघाला पाहिजे. जमलं तर पहिल्या डाइव्हलाही ते रिकामंच खाली न्या, बादलीत दाब नसतो.

ओ-रिंग, म्हणजे झाकणाच्या खाचेतली रबरी कडी काढायला सुई किंवा पिन नको, जुन्या एटीएम कार्डाचा कोपरा वापरा. दोन बोटांमधून फिरवली की केस किंवा वाळू हाताला कळते, डोळ्याला कळत नाही. खाचही पुसा. ग्रीस हाउसिंगच्या कंपनीचंच, दुसऱ्याच्या ग्रीसने काही रबर फुगतात. मात्रा तिळाएवढी. रिंग नुसती चकाकली पाहिजे. ग्रीसमुळे पाणी अडतं हा गैरसमज आहे, पाणी रबर अडवतं. जास्त ग्रीस म्हणजे वाळूला आमंत्रण.

धुकं टाळायला हाउसिंग सकाळी एसीच्या खोलीत बंद करा, आत सिलिका जेलची पुडी. बोटीवर दमट हवेत उघडलंत तर ती हवा आत कोंडते, कॅमेरा तापतो, पोर्ट पाण्याने थंड राहतो आणि वाफ नेमकी काचेवर जमते. झाकण आत काय अडकलंय ते न बघता बंद करू नका, सिलिकाच्या पुडीचा कोपराच रिंगवर आला तर गळती तुम्हीच केलीत.

परतीच्या बोटीत ओल्या टॉवेलात गुंडाळून आणा. मीठ एकदा वाळलं की बटणांच्या दांड्यांभोवती स्फटिक धरतं, मग धुऊन निघत नाही. घरी गोड्या पाण्यात अर्धा तास, पुन्हा सगळी बटणं, सावलीत वाळवण. बोटीवरच्या सामायिक टबात सगळ्यांचे कॅमेरे एकमेकांवर आपटत असतात, तिथे ठेवू नका.

कातळखूण
आणि आत पाणी दिसलंच तर काच खाली करा, म्हणजे पाणी पोर्टमध्ये जमेल आणि कॅमेऱ्याच्या वर चढणार नाही. सुरक्षित वेगाने वर या, घाई नको. बंद करा, बॅटरी काढा, चालू करून 'चालतोय का' बघण्याचा मोह आवरा.

जूनपासूनचे चार महिनेही धरा. या दिवसांत आपल्याकडे लेन्सला बुरशी लागायला वेळ लागत नाही. बॅटरी बाहेर काढून ड्राय बॉक्समध्ये आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवा, हाउसिंगचं झाकण उघडं, रिंग काढून वेगळ्या पिशवीत. चार महिने दाबून राहिली तर चपटी होते.

व्हिडिओबाब
माझा गोप्रो त्या ट्रेवरच वर बसवा साहेब, त्याला शू (जोडणीची खाच) असतो. खाली टीजीवर तुमचे न्युडिब्रँक, वर माझं जहाज. भांडण मिटलं.

तिसऱ्यामसाला
आणि गोब्रो?

मॅक्रोवेडा
गोब्रो जागचा हलत नाही, पण झेप घेऊन अंगावर गेलात तर बिळात शिरतो. बाजूने या, डोळ्याच्या पातळीवर, श्वास सावकाश सोडत. वरून काढलेला मासा बाजारातल्या पाटीवरचा दिसतो.

पणजीकर_पाण्यात
लाइटच्या बॅटऱ्या किती घेऊ? दोन डाइव्ह असतात.

ओरिंगवाला
दोन. बदलायची वेळ आली तर बोटीवर, कोरड्या हातांनी, केसांतलं पाणी आधी पुसून. लाइटलाही ओ-रिंग असते.